पदरचं किती घातलं? न जुळणारी बायबलवचनं वाचायची एक पद्धत

येशूला पैशासाठी धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत नेमका मेला कसा? आमच्या गुरुवारच्या अभ्यासवर्गात नवा माणूस आला की महिनाभरात हा प्रश्न येतोच. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूचं चरित्र सांगणारी चार पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं: मत्तय, मार्क, लूक, योहान) २७व्या अध्यायात त्याला पस्तावा होतो, तो चांदीची ३० नाणी मंदिरात टाकतो आणि जाऊन गळफास घेतो. त्या पैशातून कुंभाराचं शेत घेतात ते मुख्य याजक. त्याच बायबलातलं पुढचं पुस्तक 'प्रेषितांची कृत्ये', त्याचा पहिला अध्याय काढा, तर शेत घेतलंय खुद्द यहूदाने. गळफासाचा उल्लेख नाही. तो पालथा पडतो, पोट फुटतं आणि आतडी बाहेर येतात.

विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली यादी असते, बायबलमधल्या शंभर विसंगतींची. तिला उत्तर म्हणून शंभर खुलाशांचीही यादी फिरत असते. मी दोन्ही बाजूला ठेवायला सांगतो. दोन्हीकडे खोट एकच आहे: आकड्यातला फरक, गोष्ट सांगण्याच्या ढबीतला फरक आणि देवाविषयीच्या विचारातला फरक, सगळं एकाच दावणीला बांधलेलं असतं. तसं केलं की भांडण होतं, अभ्यास होत नाही.

आधी एक साधी वही घ्या. समोरासमोरची दोन पानं उघडा. डाव्या पानावर पहिला उतारा काय सांगतो ते, उजव्या पानावर दुसरा काय सांगतो ते, आपल्या शब्दांत आणि तुटक लिहिलं तरी चालेल. अट एकच. डावं पान लिहिताना उजवा उतारा माहीतच नाही असं समजायचं. हे दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. संडेस्कूलमध्ये वाढलेल्या माणसाच्या डोक्यात सगळ्या शुभवर्तमानांची मिळून एकच गोष्ट तयार असते आणि मत्तय वाचताना लूक आपोआप मधे बोलतो. मग दोन्ही पानांच्या तळाशी आडवी रेघ मारायची आणि तिच्याखाली लिहायचं: हे दोन्ही जुळवायचे तर मला पदरचं काय घालावं लागतंय? म्हणजे जे डाव्या पानावर नाही आणि उजव्याही नाही, असं काय धरून चालावं लागतंय?

यहूदाचं करून पाहा. फार जुनं उत्तर असं की त्याने फास घेतला, मग दोर किंवा फांदी तुटली आणि देह खाली पडून फुटला. शेत याजकांनी घेतलं, पण पैसा त्याचा म्हणून खरेदी त्याच्या नावावर. आता रेघेखाली उतरवा. दोर तुटला, हे पदरचं. पडून फुटण्याइतकी उंची होती, हेही पदरचं. खरेदी त्याच्या नावावर धरणं मात्र तितकंसं पदरचं नाही, कारण मत्तय स्वतःच सांगतो की रक्ताचं मोल म्हणून ते पैसे याजकांनी मंदिराच्या भांडारात घेतलेच नव्हते. म्हणजे दोन गोष्टी बाहेरून आणल्या. असं घडलं असेल का? असू शकतं. लिहिलंय का? नाही. मी वर्गात इतकंच म्हणतो, आणि त्याच दमात हेही दाखवतो की शेताला 'रक्ताचं शेत' हे नाव का पडलं याची कारणं दोघांची वेगळी आहेत. मत्तयाच्या मते येशूच्या रक्ताची किंमत देऊन ते घेतलं म्हणून, आणि कृत्यांत यहूदाचा तो शेवट झाला म्हणून. हा भाग दोर तुटल्याने मिटत नाही.

याच उताऱ्यात आणखी एक काटा आहे. मत्तय म्हणतो, यिर्मया संदेष्ट्याचं वचन पूर्ण झालं. पण ३० नाण्यांचं वचन सापडतं जखऱ्याच्या ११व्या अध्यायात. यिर्मयाच्या १९व्या अध्यायात कुंभाराचं मडकं आहे, ३२व्यात शेताची खरेदी आहे, म्हणून दोघांची वचनं एकत्र करून मोठ्या संदेष्ट्याचं नाव दिलं असं बरेच जण सांगतात. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्याने मात्र सरळ लिहून टाकलं की यिर्मयाचं नाव इथे कसं आलं हे मला माहीत नाही आणि त्याची मी फार चिंताही करत नाही. एवढा मोठा माणूस असं लिहितो, तर आमच्यासारख्यांनी प्रत्येक ठिकाणी छातीठोक उत्तर दिलंच पाहिजे असं कुठे आहे?

आता आकडे. इथे मी जरा रेंगाळणार, कारण माझी नोकरी तहसील कचेरीत गेली, बरीचशी रेकॉर्ड रूममध्ये.

यहूदा राज्याचा राजा अहज्या गादीवर बसला तेव्हा किती वर्षांचा होता? २ राजे ८:२६ (म्हणजे 'राजे' नावाच्या दुसऱ्या पुस्तकाचा ८वा अध्याय, २६वं वचन; 'इतिहास' आणि 'शमुवेल' हीही अशीच बायबलातली पुस्तकं) सांगतं, २२. २ इतिहास २२:२ चा हिब्रू पाठ सांगतो, ४२. कुठलं धरायचं? आधीच्या अध्यायाचं शेवटचं वचन वाचा. बाप यहोराम ३२व्या वर्षी राजा झाला, ८ वर्षं राज्य केलं आणि वारला. म्हणजे बाप ४० वर्षांचा होऊन गेला आणि मुलगा ४२ वर्षांचा. त्यातही हा सगळ्यांत धाकटा मुलगा! शुद्धीवर असलेला कुठलाही लेखक असं मुद्दाम लिहिणार नाही. काही ग्रीक प्रतींत आणि जुन्या सिरियाक भाषांतरात इथे २२च आहे. ही नकलेतली चूक, विषय संपला.

यहोयाखीन राजाचंही तसंच, २ राजे २४:८ मध्ये १८ वर्षांचा आणि २ इतिहास ३६:९ मध्ये ८ वर्षांचा. शलमोनाच्या घोड्यांची ठाणी १ राजे ४:२६ मध्ये ४०,००० आणि २ इतिहास ९:२५ मध्ये ४,०००. दोन्ही ठिकाणी जुन्या ग्रीक प्रतींपैकी काहींमध्ये फरक मिटलेला आहे. दावीदाशी लढलेल्या गल्याथाची उंची तर बघण्यासारखी आहे. नेहमीच्या हिब्रू पाठात सहा हात आणि एक वीत, म्हणजे साडेनऊ फुटांच्या आसपास. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या शमुवेलाच्या गुंडाळीत आणि जुन्या ग्रीक भाषांतरात चार हात आणि एक वीत, म्हणजे साडेसहा फूट. संडेस्कूलच्या चित्रांतला राक्षस एकदम तीन फुटांनी बसला.

नकलेतल्या चुका ठराविक जातीच्या असतात. आकडा सरकतो. सारख्या शब्दावरून नजर खालच्या ओळीवर उडी मारते. शेजारचा शब्द घुसतो. हाताने उतरवलेल्या जुन्या सातबाऱ्यांत गट नंबर बरोबर, क्षेत्र बरोबर आणि खातेदाराला आडनाव वरच्या ओळीतल्या माणसाचं, असे उतारे आमच्याकडे येत. चूक करणारा आळशी असेलच असं नाही, दिवसभर मान खाली घालून लिहिणाऱ्या कुणाचंही असं होतं.

म्हणून २ शमुवेल २१:१९ वाचताना मला घरच्यासारखं वाटतं. तिथे एलहानानाने गल्याथाला मारलं असं आहे. मग दावीदाने १ शमुवेल १७ मध्ये कोणाला मारलं? १ इतिहास २०:५ म्हणतं, एलहानानाने गल्याथाच्या भावाला, लहमीला मारलं. शमुवेलातली ओळ नीट पाहिली तर एलहानानाच्या बापाचं नाव 'यारे-ओरगीम' असं विचित्र लांबलंय. 'ओरगीम' म्हणजे विणकर, आणि त्याच ओळीच्या शेवटी भाल्याचा दांडा विणकराच्या तुरीएवढा, म्हणजे मागाच्या दांड्याएवढा, होता असं आहे. इतिहासात बापाचं नाव नुसतं याईर. शेवटचा शब्द वर घुसलाय, हे उघड दिसतं. जिथे एक घोळ झालाय तिथे भावाचं नाव गळणंही शक्य आहे. पण याची दुसरी बाजूही वर्गात मांडा. बरेच अभ्यासक म्हणतात की इतिहासाच्या लेखकालाही हीच अडचण दिसली होती आणि 'भाऊ' हा त्याने केलेला खुलासा आहे. मला पहिलं जास्त पटतं. दुसरं मानणारे बायबलचे वैरी आहेत असं मात्र मी म्हणणार नाही.

चुकीचा शिक्का मारण्यापूर्वी मी दोन गोष्टी मागतो. फरक आकड्याचा किंवा नावाचा हवा, आणि बाजूने एखादा पुरावा हवा: दुसरी हस्तलिखित प्रत, किंवा त्याच पुस्तकातला हिशेब. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहूद्यांच्या याद्या घ्या, एज्रा २ आणि नहेम्या ७. आरहाचं कुळ एकीकडे ७७५, दुसरीकडे ६५२. दोघेही एकूण ४२,३६० सांगतात. कॅल्क्युलेटर घेऊन बसा. एज्राची बेरीज २९,८१८ येते, नहेम्याची ३१,०८९. इथे चूक फक्त एका ठिकाणी नाही हे कळतं, आणि यादीत न धरलेली माणसं एकूणात धरली असावीत ही शक्यताही उरते. उलट दावीदाने घेतलेल्या खळ्याची किंमत पाहा. २ शमुवेल २४ मध्ये चांदीचे ५० शेकेल, १ इतिहास २१ मध्ये सोन्याचे ६०० शेकेल. इथे धातूसुद्धा बदललाय, म्हणून कारकुनावर ढकलून मोकळं होता येत नाही. शमुवेल खळं आणि बैल म्हणतो, इतिहास 'ती जागा' म्हणतो, म्हणून आधी खळं आणि मग सगळा डोंगरमाथा घेतला असं उत्तर देतात. यहूदी रब्बींनी तर हिशेबच मांडला, बारा वंशांकडून प्रत्येकी ५०, झाले ६००. हिशेब सुबक आहे, पण सगळा पदरचा.

त्याच अध्यायात खरा अवघड फरक आहे आणि लोक तो सोडून किमतीवर वाद घालतात. इस्राएलाची शिरगणती, जी पुढे पाप ठरली, ती करायला दावीदाला कोणी प्रवृत्त केलं? शमुवेल म्हणतो, परमेश्वराच्या कोपाने. इतिहास म्हणतो, सैतानाने. "काका, मग खरं कोण?" आमच्या वर्गातल्या एका कॉलेजच्या मुलाने असं विचारलं, तेव्हा त्याच्याच घरचे त्याच्याकडे डोळे वटारून बघायला लागले. मी म्हटलं, बसू द्या, प्रश्न चांगला आहे. नेहमीचं उत्तर ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांवर उभं आहे: सैतान करतो, पण देवाच्या परवानगीने, म्हणून दोन्ही खरं. हे उत्तर हवेतलं नाही, त्याला शास्त्रातलाच आधार आहे. पण इतिहासाची पुस्तकं बंदिवासानंतर, राजांच्या पुस्तकांनंतर बऱ्याच काळाने लिहिली गेली. तोवर दुष्टाईचं मूळ थेट देवाकडे लावायला लेखक कचरू लागले होते. शमुवेलाच्या लेखकाला तसं काही वाटत नव्हतं, त्याच्या दृष्टीने सगळं परमेश्वराच्या हातून येतं. इथे कोणी चुकलेलं नाही. एका घटनेकडे दोन पिढ्यांनी दोन प्रकारे पाहिलंय आणि शास्त्र जमवणाऱ्यांनी दोन्ही पुस्तकं ठेवली. त्यांना फरक दिसला नसेल असं समजणं म्हणजे त्यांना अडाणी ठरवणं.

शुभवर्तमानांत बहुतेक फरक वेगळ्या जातीचे आहेत. तिथे लेखकाची सवय ओळखावी लागते. येशूने मेलेली उठवली ती याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची मुलगी घ्या. मार्कात (५:२१-४३) ती मरणाच्या दारात असते आणि वाटेत निरोप येतो की गेली. मत्तयात (९:१८-२६) बाप आल्याआल्या म्हणतो, ती आताच मेली. मार्काला २३ वचनं लागली, मत्तयाने ९ मध्ये उरकलं. निरोप्या गाळला म्हणून बातमी आधीच सांगावी लागली. एवढ्यावरून सवय म्हणता येईल का? एकट्या उदाहरणावरून नाही. मग कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी, पाहा; त्याला आपल्या आजारी चाकरासाठी येशूची मदत हवी असते. लूकात तो यहूद्यांच्या वडिलांना पाठवतो, नंतर मित्रांना पाठवतो, स्वतः येतच नाही. मत्तयात तो स्वतः येऊन बोलतो. परत मधली माणसं गाळलेली. आता सवय म्हणा. हा खुलासा मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात पदरचं जवळजवळ काही नाही, सगळं लेखकाच्या हातचं आहे.

उलट टोकाचं उदाहरण जर्मन धर्मपंडित ओसियांडरचं. १५३७ साली त्याने चारही शुभवर्तमानं एकत्र गुंफली आणि पण केला की जिथे तपशील वेगळा तिथे घटनाच वेगळी. परिणाम काय, तर बिचाऱ्या याईराच्या मुलीला दोनदा मरून दोनदा उठावं लागलं.

मत्तयाची आणखी एक सवय आहे. यरीहोला मार्क एका आंधळ्याचं नाव घेतो, बार्तीमय. मत्तयात दोन आंधळे. भूतग्रस्त मार्कात एक, मत्तयात दोन. जिथे दोन असतात तिथे एक असतोच, हे उत्तर गणिताने बरोबर आहे. पण ९व्या अध्यायातही दोन आंधळे आहेत आणि यरुशलेमेत शिरताना गाढवीबरोबर शिंगरूही आहे, तेव्हा मत्तयाचा कल जोड्यांकडे आहे हे कबूल करावं. दोघांच्या साक्षीने गोष्ट शाबीत होते, हा नियमशास्त्राचा दंडक (अनुवाद १९:१५) त्याच्या मनात असावा असं काही जण म्हणतात.

पुनरुत्थानाच्या सकाळचा अभ्यास एकट्याने करू नका, चार माणसं बसवा. प्रत्येकाला एक शुभवर्तमान द्या आणि तुम्ही मधे कागद घेऊन बसा. रकाने पाडा: कोण गेलं, उजेड किती, तिथे कोण दिसलं, नंतर काय केलं. मग एकेक रकाना विचारत जा आणि ज्याने त्याने फक्त आपल्या पानावरचं सांगायचं. आमच्याकडे योहान वाचणाऱ्या मावशी म्हणाल्या, "एकटी मग्दालीया मरीया." मत्तयवाल्याने दोन मरीया सांगितल्या. मार्कात सलोमे वाढली, लूकात योहान्ना आणि इतर. योहानात अंधार, मार्कात सूर्य उगवलेला. मत्तयात एक देवदूत, मार्कात एक तरुण, लूकात दोन पुरुष, योहानात दोन देवदूत. मार्काच्या १६:८ ला बाया भीतीने कोणाला काही सांगत नाहीत, मत्तयात आणि लूकात जाऊन सांगतात. खोली जरा शांत होते. होऊ द्या, लगेच खुलासा देऊ नका.

मग मावशींना पुढचं वचन वाचायला सांगा, योहान २०:२. मरीया पेत्राला म्हणते, त्याला कुठे ठेवलं ते आम्हांला ठाऊक नाही. आम्हांला! एकटी गेलेली बाई अनेकवचनात बोलते. लूकवाल्याला २४:१२ आणि २४:२४ शेजारी ठेवायला सांगा. पहिल्यात कबरेकडे एकटा पेत्र धावतो, दुसऱ्यात 'आमच्यातले काही जण' गेले होते. म्हणजे एकाचं नाव घेणं म्हणजे बाकीचे नव्हते असं नाही, याची साक्ष त्याच पानावर मिळाली. बाहेरून काही आणावं लागलं नाही.

पण ही किल्ली सगळीकडे लागत नाही. मत्तयात शिष्यांची भेट गालीलात आहे, लूकात सगळं यरुशलेमेभोवती, आणि वर आज्ञा की नगरातच राहा. लूकाचा २४वा अध्याय एका दिवसात स्वर्गारोहणापर्यंत पोचल्यासारखा वाटतो. त्याच लेखकाने कृत्ये १:३ मध्ये ४० दिवस सांगितले आहेत, म्हणजे लूक काळ दाबून लिहितो, हे त्याच्याच लेखणीने सिद्ध झालं. गालीलाला जागा झाली. तरी लूकाने गालीलातल्या भेटी का गाळल्या, हे उरतंच. आणि प्रवासाची काठी? मार्कात (६:८) येशू बारा जणांना काठी घ्यायला परवानगी देतो, मत्तयात (१०:१०) आणि लूकात (९:३) नको म्हणतो. 'जास्तीची काठी नको' हा खुलासा मत्तयाला कसाबसा बसतो, लूकाला बसत नाही. गोष्ट एवढीशी, पण फार चिवट. माझ्या वहीत ती उघडी आहे.

वधस्तंभाच्या दिवसाचंही तसंच. पहिल्या तीन शुभवर्तमानांत येशूचं शेवटचं भोजन हे वल्हांडण या यहूदी सणाचं. योहान १८:२८ मध्ये याजकांना वल्हांडणाचं भोजन अजून करायचंय. दोन दिनदर्शिका चालत होत्या, किंवा येशूचं मरण वल्हांडणाच्या कोकऱ्याच्या वधाच्या वेळीच दाखवायला योहानाने मांडणी बदलली, अशी उत्तरं आहेत. दोन्ही नीट समजून घ्या आणि कुठलंही एक शपथेवर सांगू नका.

पौल आणि याकोब यांच्या पत्रांसाठी वहीची गरजच नाही, पूर्ण अध्याय वाचला की पुरे. पौलाचं रोमकरांस पत्र ३:२८ म्हणतं, माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब २:२४ म्हणतो, केवळ विश्वासाने नाही. दोघेही उत्पत्ती १५:६ मधला अब्राहामच पुढे करतात, म्हणून टक्कर समोरासमोरची वाटते. धर्मसुधारक ल्यूथरने १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं ते उगाच नाही. पण याकोबाचा विश्वास कोणता ते २:१९ मध्ये आहे: देव एक आहे असं भुतंही मानतात आणि थरथर कापतात. पौल याला कधीच विश्वास म्हणणार नाही.

संत ऑगस्टीनने सन ४०५च्या सुमारास बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमला लिहिलं होतं की शास्त्रात काही विपरीत दिसलं तर एक तर प्रत चुकली, किंवा भाषांतर करणारा चुकला, किंवा मला समजलं नाही. तिन्ही शक्यता मी याच क्रमाने तपासतो. पण चौथीही जोडतो: दोन लेखकांना वेगळंच म्हणायचं असेल. नीतिसूत्रे २६ उघडा. चौथं वचन म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नको. पाचवं म्हणतं, दे. लागोपाठची वचनं, इथे कोणाच्या नजरचुकीला वावच नाही. तालमुद या यहूदी रब्बींच्या ग्रंथात नोंद आहे की असल्या वचनांमुळे हे पुस्तक बाजूला ठेवायचा विचार झाला होता. मग रब्बींनी ठरवलं की एक वचन धर्मशास्त्राच्या बाबतीत, दुसरं संसारातल्या गोष्टींत. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कुठल्या मेसेजला उत्तर द्यायचं आणि कुठल्याला नाही, हे मी याच दोन वचनांवरून ठरवतो.

येशूच्या वंशावळी नव्या गटाने लगेच घेऊ नयेत. योसेफाचा बाप मत्तयात याकोब आणि लूकात एली, इथून सुरुवात होते. ज्युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने तिसऱ्या शतकातच दीराशी लग्नाच्या चालीवरून (निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेशी दिराने लग्न करायचं, मूल मेलेल्याच्या नावावर) उत्तर दिलं: एक जन्मदाता, दुसरा कायद्याने बाप. लूकाची वंशावळ मरीयेची, हे आज जास्त ऐकू येणारं उत्तर बरंच नंतर रुळलं, आणि लूक मात्र नाव योसेफाचंच घेतो. मत्तय चौदा-चौदाचे गट जमवायला अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे गाळतो, तेव्हा १ इतिहास ३ उघडून नावं पडताळावी लागतात. अनुवाद २५:५-१० सगळ्यांना घरून वाचून यायला सांगा, फळ्यावर दोन उभ्या रेघांत नावं आधीच लिहून ठेवा आणि त्या दिवशी दुसरा कुठलाही विषय घेऊ नका.